मॅग्नम पिस्तूल : दणका आधी, दुसरी गोळी उशिरा

लेखमाला ‘चाप आणि नळी’ : भाग नववा

गेल्या आठवड्यात रिव्हॉल्व्हरवर लिहिलं, तर सिडकोतल्या एका वाचकाने विचारलं, ‘सिनेमातलं ते चकचकीत, हातभर मॅग्नम पिस्तूल रिव्हॉल्व्हर नसतं ना? मग ते काय असतं, आणि आपल्याकडे कुणाजवळ दिसत का नाही?’ प्रश्न चांगला आहे. पण उत्तराकडे जायला मला गोल्फ क्लबवरून जावं लागेल.

नाशिककर ज्याला गोल्फ क्लब म्हणतात, त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी अर्धं नाशिक तिथे चालायला येतं. रिक्षावाल्याला ‘कान्हेरे मैदान’ म्हणून बघा. तो क्षणभर थांबतो आणि ‘म्हणजे गोल्फ क्लबच ना?’ विचारतो. कान्हेऱ्यांचं नाव नाशकाशी जोडलं गेलं ते पिस्तुलामुळे, आणि ते पिस्तूल रिव्हॉल्व्हर नव्हतं.

२१ डिसेंबर १९०९. जुन्या नाशकातलं विजयानंद नाट्यगृह. किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता आणि मुंबईला बदली झालेले कलेक्टर जॅक्सन पाहुणे म्हणून आले होते. सतरा-अठरा वर्षांच्या कान्हेऱ्यांनी दारातच पिस्तूल काढलं. पहिली गोळी चुकली, मागोमाग चार लागल्या, अशी हकीकत सांगितली जाते. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या घटनेचं राजकारण हा या लेखमालेचा विषय नाही. आपल्याला बघायचंय ते ‘पहिली चुकली, मागोमाग चार’ यामागचं यंत्र.

कान्हेऱ्यांचं पिस्तूल ब्राऊनिंगचं होतं. असे वीस नग सावरकरांनी लंडनहून पाठवले. इंडिया हाऊसमधले स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेला दुहेरी तळ करून ते १९०९च्या सुरुवातीला मुंबईत उतरले. वीस पिस्तुलं आणि काडतुसं एका ट्रंकेच्या तळात मावली, यातच ब्राऊनिंगची निम्मी कीर्ती आली. जॉन ब्राऊनिंग हा अमेरिकेतल्या युटाचा, पण त्याची ही पिस्तुलं बनायची बेल्जियममधल्या हर्स्टालच्या कारखान्यात. १९०० सालच्या नमुन्याचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझीनमध्ये सात गोळ्या, लांबी एका वितीपेक्षाही कमी. याच नमुन्याने १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह मारला गेला. विजयानंदच्या दोनच महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ ला, हार्बिनच्या स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमीवर झाडलेलं पिस्तूलही तेच. साम्राज्यं वेगवेगळी, कारखाना एकच.

त्याचं यंत्र सुटसुटीत असतं. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते. (आपल्या भाषेत दारू एकच, बाटलीतली आणि बंदुकीतली. दोन्हींचा दणका नंतर कळतो.) गोळी नळीतून पुढे जाते आणि तितक्याच रेट्याने रिकामी पुंगळी मागे येते. त्या रेट्यावरच वरची स्लाइड मागे सरकते, पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाताजाता ती मॅगझीनमधली नवी गोळी नळीत चढवते. माणसाने फक्त चाप सोडायचा आणि पुन्हा ओढायचा. स्लाइडला कडीकोयंडा काही नाही. तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावर पुंगळी गोळी सुटेपर्यंत दबून राहते. छोट्या काडतुसाला तेवढं पुरतं.

मॅग्नमचं सगळं दुखणं इथून सुरू होतं. मॅग्नम म्हणजे नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दारू आणि जास्त दाब. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं, .४४ मॅग्नम पन्नाशीच्या दशकात, आणि दोन्ही जन्मली रिव्हॉल्व्हरसाठी. .४४ची ताकद ब्राऊनिंगच्या ७.६५ मिलिमीटर काडतुसाच्या सहा-सात पट. एवढा रेटा नुसत्या वजनावर थोपवायचा तर स्लाइड काही किलोंची करावी लागेल. म्हणून कडी घालायची, म्हणजे गोळी सुटून दाब उतरेपर्यंत पुंगळीमागचा दट्ट्या नळीला अडकवून ठेवायचा. रायफलीत हे पूर्वीपासून होतं. ते मुठीत बसवणं ही खरी कसरत.

दुसरी अडचण त्याहून बारीक. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. पातेल्याच्या तोंडाला बाहेर दुमडलेली कड असते ना, तशी. चक्रात काडतूस आत घसरू नये म्हणून ती लागतेच. पण मॅगझीनमध्ये गोळ्या एकावर एक रचल्या की वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि पिस्तूल ऐन वेळी अडून बसतं.

यावर पहिला मोठा डाव टाकणारं पिस्तूल म्हणजे ऑटो मॅग. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा हॅरी सॅनफर्ड त्याच्या मागे होता. १९७१च्या सुमारास ते बाजारात आलं. अंगभर स्टेनलेस स्टील, रायफलीसारखा फिरून अडकणारा दट्ट्या, लांबी जवळजवळ एक फूट. कडेचा प्रश्न त्यांनी कडच काढून सोडवला, स्वतःचं बिनकडेचं .४४ काडतूस काढलं. पण पिस्तूल आलं आणि दुकानात काडतूसच नाही! सुरुवातीच्या मालकांनी रायफलीच्या पुंगळ्या आखूड कापून, आतून कोरून, घरी गोळ्या भरल्या. लाखभर रुपयांची मोटार घ्यायची आणि पेट्रोल घरी गाळायचं, असला प्रकार. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की ते एकमेकांत रुतायचं, म्हणून तेलाची बाटली कायम जवळ. शिवाय प्रत्येक नग बनवायचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त. १९७२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. पुढे हात बदलत बदलत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उत्पादन चाललं, तरी एकूण आकडा दहा हजारांच्या आतच राहिला. आज ते दुर्मीळ आहे ते यामुळे. संग्राहक जी किंमत मोजतात, त्यातली बरीचशी त्या दिवाळ्याचीच.

मी ते पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकरोडला, भाड्याच्या व्हीसीआरवर. क्लिंट ईस्टवुडचा ‘सडन इम्पॅक्ट’, १९८३चा सिनेमा. रात्रीच्या अंधारात तो उभा, हातात ते लांब रुपेरी पिस्तूल, आणि खोलीत दाटीवाटीने बसलेल्या आम्हा पंधरा-वीस पोरांच्या तोंडून एकदमच ‘आयला!’ निघालं. इंग्रजी संवाद कुणाला कळले नव्हते. मॅग्नमची ओढ ती एवढीच, असं मी पुष्कळ दिवस मानत होतो. पण न्यायाने बोलायचं तर थोडं जास्त आहे. रेट्याचा काही भाग यंत्र हलवण्यात खर्ची पडतो, म्हणून त्याच ताकदीच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा मनगटाला धक्का सौम्य बसतो. गोळी लांबवर सरळ जाते, त्यामुळे अमेरिकेत शिकारी आणि लांब पल्ल्याचे नेमबाज तिच्या नादी लागले. शिवाय ज्याला यंत्र उघडून बघण्याचा नाद आहे, त्याला तो फिरणारा दट्ट्या मोह घालतोच. मलाही घालतो.

पण वजन? भाजीवाल्याच्या तराजूतलं किलोचं आणि अर्ध्या किलोचं माप एका मुठीत धरा आणि हात लांब करून उभे राहा. ऑटो मॅगचं वजन त्याहूनही थोडं जास्त. मनगट ढिलं ठेवलं तर रेटा हातातच मुरतो, यंत्राचं चक्र पुरं होत नाही आणि पुंगळी अर्धवट अडकते. नळी डोळ्यांसमोर वर उडते, ती पुन्हा नेमावर आणेपर्यंत वेळ जातो. आणि अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाचा जन्मच मुळी दुसरी गोळी पटकन मारता यावी म्हणून! विजयानंदच्या दारात पहिली चुकल्यावर मागोमाग चार सुटल्या, त्या ७.६५च्या जातीच्या छोट्या दणक्यामुळे सुटल्या. त्या जागी ऑटो मॅग असतं, तर ते आधी कोटात मावलं नसतं आणि चुकल्यानंतरची गोळी बहुधा छताला लागली असती.

ऑटो मॅगच्या मागून आलेल्या डेझर्ट ईगलने वेगळी वाट धरली. मिनेसोटातली मॅग्नम रिसर्च आणि इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीज यांचं हे बाळ. नळीतला थोडा वायू चोरून त्यावर दट्ट्या फिरवायचा, आणि काडतूस मात्र दुकानात मिळणारं कडेचंच वापरायचं. मॅगझीन असं घडवलं की कडा सहसा अडकत नाहीत. ते चाललं, म्हणूनच ते दुर्मीळ नाही. पण वजन दोन किलोंच्या आसपास गेलं, मूठ विटेसारखी जाड झाली, आणि उघड्या शिशाची गोळी वापरली तर वायूची बारीक वाट बुजते. एकाने काडतूस बदललं, दुसऱ्याने पिस्तूल फुगवलं. कडेने दोघांकडून वसुली केलीच.

आता ‘आपल्याकडे का नाही’. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. नऊ मिलिमीटरसारखी लष्करी काडतुसं सामान्य माणसाला वर्ज्य. म्हणून इथे परवान्यावर पिस्तूल म्हणजे बहुतेक .३२. सरकारी आयुध कारखान्याचं ‘अशनि’ त्यातलंच. आणि .३२ म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, ब्राऊनिंगच्या पहिल्या पिस्तुलासाठी बेल्जियममध्ये बनलेलं तेच ७.६५.

निफाडकडे आमच्या मामांकडे असं एक .३२ आहे. द्राक्षाच्या हंगामात रोख रक्कम घरात असायची, तेव्हाचा परवाना. ते बाहेर निघतं फक्त निवडणुकीला, पोलीस ठाण्यात जमा करायला. मागच्या वेळी मी सोबत होतो. मामांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून पिस्तूल सोडलं, मॅगझीन काढून वेगळं ठेवलं आणि टेबलावर काडतुसं उभी मांडली. पितळ काळवंडलेलं, एकाच्या बुडाला हिरवट डाग.

“मामा, ही किती वर्षांची?” मी विचारलं.

“तुझी मामी होती तेव्हाची,” मामा म्हणाले. “एक उडवली होती, परवाना मिळाला त्या दिवशी, विहिरीपाशी. सगळी कबुतरं उडाली. त्यानंतर नाही.”

हवालदारांनी बोटाने मोजली, नोंदवहीत आकडा लिहिला आणि पावती फाडली. मामांनी ती दोनदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली.

पुढच्या भागात : मॅगझीनमधली स्प्रिंग का दमते.