पुडी विकणाऱ्यावर दिवाणी दावा

सोळा वर्षांच्या मुलाला गर्द विकणारा इसम पकडला जातो, खटला चालतो, तो तुरुंगात जातो. वर्तमानपत्रातली बातमी येथे संपते. मुलाच्या घरी मात्र काहीच संपलेले नसते. उपचारांचा खर्च, बुडालेले शिक्षण, आणि मुलगा दगावला असेल तर कशानेही भरून न येणारी हानी, हे सारे आईबापांच्या पदरी राहते. विक्रेत्याला दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत जमा होतो. मग आईबापांनीच त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा का लावू नये, असा प्रश्न सहज मनात येतो.

अडचण पुराव्याची आहे. अमुक माणसाच्या अमुक कृत्यामुळे माझे नुकसान झाले, हे दिवाणी दाव्यात वादीने सिद्ध करायचे असते. गर्दच्या पुडीबरोबर पावती मिळत नाही ! मुलाने वर्षभरात दहा जणांकडून माल घेतला असेल, तर कोणाच्या पुडीने घात केला हे कोण सांगणार ?

हवाई येथील अमेरिकन सरकारचे वकील डॅनियल बेंट यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून एक नमुना कायदा तयार केला. मिशिगनने तो १९९४ साली स्वीकारला. कॅलिफोर्नियात तसाच कायदा १९९७ च्या आरंभापासून लागू झाला. त्यामागचे तत्त्व समजण्यास औषध कंपन्यांचा एक जुना खटला उपयोगी पडतो. गरोदर स्त्रियांना दिलेल्या डीईएस या औषधामुळे पुढे त्यांच्या मुलींना कर्करोग झाला. आईने नेमक्या कोणत्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या, हे इतक्या वर्षांनी सांगता येईना. तेव्हा बाजारात ज्या कंपनीचा जेवढा वाटा, तेवढी तिची जबाबदारी, असा मार्ग कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली काढला.

बेंट यांच्या कायद्याने हाच विचार चोरट्या बाजाराला लावला. त्याच भागात, त्याच काळात, त्याच प्रकारचे मादक द्रव्य विकणारा माणूस जबाबदार धरता येतो. त्याने या मुलाला प्रत्यक्ष पुडी दिली नसली तरी. विक्रीच्या प्रमाणानुसार त्याचा वाटा २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के गृहीत धरला जातो, आणि हे गृहीत खोडून काढण्याचे ओझे त्याच्यावर असते. ज्याने मुलाचे तोंडही पाहिले नाही त्याने पैसे भरायचे, हे प्रथम वाचताना मलाही खटकले. परंतु तो या धंद्यात होता हे वादीने स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवावे लागते, हे वाचल्यावर शंका बरीचशी फिटली.

आईबाप, भावंडे, इतकेच नव्हे तर गर्भात असताना इजा झालेले मूलही दावा करू शकते. शिक्षणाची हुकलेली संधीसुद्धा नुकसानीत मोजतात. ‘तुमचेच मुलाकडे लक्ष नव्हते’ असा बचाव विक्रेत्याला करता येत नाही. पालकाने जाणूनबुजून त्याच खरेदीसाठी पैसे दिले असतील तरच गोष्ट निराळी. स्वतः व्यसनीही दावा लावू शकतो. मात्र माल कोठून मिळाला याची माहिती त्याने सहा महिने आधी पोलिसांना दिलेली असली पाहिजे, आणि व्यसन सुटलेले असले पाहिजे.

कायद्याचे खरे दुखणे वसुलीत आहे. नाक्यावरचा विक्रेता कफल्लक असतो. बड्या व्यापाऱ्याची मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर असते. जी सापडते ती सरकारने आधीच जप्त केली असेल, तर सरकार ती मोकळी करीपर्यंत वादीला तिच्यावर हात ठेवता येत नाही. म्हणजे रांगेत पुन्हा सरकार पुढे !

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. अल्पवयीन मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या रकमेतून भरपाई देण्याचा हुकूम फौजदारी न्यायालय करू शकते. मूल दगावल्यास १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टखाली आईबापांना दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण तेथे प्रश्न तोच विचारला जाईल : पुडी याच माणसाची होती कशावरून ?