झूम नसलेला कॅमेरा निवडताना

दहा बाय बाराचा हॉल. सत्यनारायण चालू आहे, फोटो काढायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे आहात. समोरची भिंत दहा फुटांवर, रुंदी बारा फूट. हातातल्या कॅमेऱ्याची लेन्स २८ मिमीची असेल तर ती भिंत अख्खी येते. ३५ मिमीची असेल तर सव्वादहा फूट येते, ४० मिमीची असेल तर फक्त नऊ. चौरंग आणि गुरुजी तिन्हींत येतात, पण कोपऱ्यात लोडाला टेकलेल्या आत्या ४० मिमीत गेल्या. मागे सरकावं तर भिंत आहे, आणि झूम करायला बटणच नाही.

छोटा, खिशात किंवा खांद्यावर रोज बाळगायचा, लेन्स न निघणारा आणि झूमही नसलेला कॅमेरा घेताना पहिला प्रश्न हा: आपण माणसांपासून किती लांब उभे राहतो? मेगापिक्सेलचं नंतर बघू.

हिशेब सोपा आहे. ३६ला लेन्सच्या मिमीने भागा आणि अंतराने गुणा. तेवढी रुंदी फोटोत येते. ३५ मिमीत उत्तर जवळजवळ एक, म्हणजे जितके फूट लांब, तितकेच फूट रुंद. मात्र हे मिमी 'फुल फ्रेम'च्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, मापातले धरायचे. रिको जीआर ३ ची खरी लेन्स १८.३ मिमीची आहे, पण सेन्सर लहान (एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६ मिमी) असल्यामुळे ती २८सारखं बघते. फुजीफिल्म एक्स१०० व्हीआयची २३ मिमीची लेन्स त्याच न्यायाने ३५सारखी, आणि जीआर ३ एक्सची २६.१ मिमीची लेन्स ४०सारखी.

पैसे मोजण्याआधी एक प्रयोग फुकटात होतो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीचा असतो. झूम १.४वर ठेवलात तर झाला साधारण ३५, १.६वर ठेवलात तर ४०. आठवडाभर त्याला हात न लावता फोटो काढा. सारखं मागे जावंसं वाटलं तर तुमची लेन्स २८ची, सारखं पुढे जावंसं वाटलं तर ४०ची.

२८ला एक खोड आहे. मंडईत भाजीवाल्या मावशींचा चेहरा फ्रेमभर हवा असेल तर दीड-दोन फुटांवर जावं लागतं, म्हणजे जवळपास त्यांच्या टोपलीत. आणि तिथून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं. लोक लेन्सला दोष देतात, पण तो दोष जवळ जाण्याचा. लांबून काढून फोटो कापलात तर नाक जागेवर येतं. जीआर ३ चे २४ मेगापिक्सेल ३५ मिमीइतके कापले तर सुमारे १५ उरतात. एक्स१०० व्हीआयचे ४० मेगापिक्सेल ५० मिमीइतके कापले तरी २०च्या आसपास. घरच्या फोटोला हे रग्गड झालं. रुंद फोटो कापता येतो, पण कापून गेलेल्या आत्या परत आणता येत नाहीत. म्हणून घरात, प्रवासात, गल्लीबोळात फिरणाऱ्याला मी २८ सुचवतो. मुख्यतः माणसंच टिपणाऱ्याला ३५ किंवा ४०.

लेन्स कायमची बसवल्याचा फायदा काय, तर ती सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते आणि कॅमेरा पातळ होतो. शटरही लेन्सच्या आतच, पाकळ्यांचं असतं. त्याचा आवाज इतका बारीक की आरतीच्या वेळी शेजाऱ्यालाही कळत नाही. शिवाय फोकस आधीच ठरवून ठेवता येतो. जीआर ३ वर अ‍ॅपर्चर एफ ८ आणि फोकसचं अंतर २ मीटर ठेवलं की एक मीटरपासून थेट ४० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग नुसतं बटण दाबायचं. धावत्या पोराचा फोटो असाच मिळतो.

सेन्सरबाबत एकच इशारा. 'एक इंची' सेन्सर कुठूनही मोजला तरी इंचभर भरत नाही. तो १३.२ बाय ८.८ मिमीचा असतो. नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय. एपीएस-सीचं क्षेत्रफळ त्याच्या तिपटीहून जास्त, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात हा फरक दिसतो.

उरला खिसा. जीआर ३ बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, जाडी ३३ मिमी. एक्स१०० व्हीआय ५२१ ग्रॅम, जाडी ५५. पहिला पँटच्या खिशात जातो, दुसऱ्याला पिशवी लागते. पण पहिल्याला व्ह्यूफाइंडर नाही, आणि मे महिन्यातल्या दुपारी नुसत्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो. बॅटरीही सुमारे २०० फोटोंत संपते. दुसरी सोबत ठेवायचीच.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार हवा. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर कॅमेरा चामडी पाकिटात बंद करून कपाटात ठेवलात तर लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि ही लेन्स तर निघतही नाही. आतली बुरशी म्हणजे सर्व्हिस सेंटरची वारी. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, त्यात कॅमेरा ठेवा, पुड्या ओलावल्या की बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी तो बाहेर काढून चार फोटो काढा, डब्यातल्या लोणच्याचे काढलेत तरी चालतील.