पावती कुणाकडे मागायची?

"कोटेशन कितीचं करून देऊ?" पुण्यात भाचीसाठी लॅपटॉप बघायला गेलो, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न हा. लॅपटॉप कोणता हवा, हे त्याने नंतर विचारलं. शिक्षणकर्जातली खरेदी म्हटल्यावर बँकेला कोटेशन लागणार, मग बिल लागणार, हे त्याला पाठ होतं. भाचीला खरं तर लॅपटॉप नकोच होता. मामेभावाचा जुना चालला असता. तिला हवी होती एखादी वापरलेली स्कूटी, कारण परवडणारी खोली मिळाली ती कॉलेजपासून नऊ किलोमीटरवर. पण स्कूटी 'शैक्षणिक खर्चा'त बसत नाही.

मुलं कर्ज काढतात आणि मोबाइल घेतात, गोव्याला जातात, तेव्हा सरकारने या खर्चावर लक्ष ठेवायला हवं, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. यात तथ्य आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के सरकारी हमी आहे. करदात्याचा पैसा असेल तर त्याने हिशेब मागायचाच.

पण हा पैसा विद्यार्थ्याच्या हाती पडतो तरी किती? फी आणि कॉलेजच्या वसतिगृहाचं शुल्क बँक सहसा थेट संस्थेच्या खात्यावर टाकते, तेही वर्षागणिक किंवा सत्रागणिक, आधीची गुणपत्रिका बघून. उरतात पुस्तकं, उपकरणं, लॅपटॉप, प्रकल्प, अभ्याससहल. बँकांच्या संघटनेच्या आदर्श योजनेत अशा किरकोळ बाबींना मिळून एकूण शिकवणी शुल्काच्या २० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे पहारा आधीपासूनच आहे, आणि कडक आहे.

या २० टक्क्यांपाशी जरा थांबू या. कॉलेज जितकं महाग, तितका लॅपटॉप भारी घेता येतो. सरकारी कॉलेजात कमी फीवर शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला त्याच हिशेबाने चिमूटभर रक्कम येते. पुस्तकांची किंमत मात्र दोघांना सारखीच. महाराष्ट्राने २०२४-२५पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. फार चांगला निर्णय. पण फीच शून्य झाली, तर वीस टक्के कशाचे काढायचे? लातूरहून पुण्यात आलेल्या अशा मुलीची खरी अडचण खोलीभाडं, मेस आणि प्रवास हीच असते. कॉलेजबाहेर राहणाऱ्यांचा 'वाजवी' खर्च देण्याची मुभा योजनेत आहे. वाजवी म्हणजे किती, ते शाखेतल्या टेबलावर ठरतं.

उलट बाजूही आपल्याच घरात आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागला. त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला भरायची, असा नियम. अनेकांनी ती वेळेत भरली नाही, आणि कॉलेजांनी तक्रारी केल्या. ही चूकच, तिचं समर्थन करायचं नाही. पण ज्या घरात बियाणं आणि दवाखाना एकाच खात्यावर अवलंबून असतात, तिथे फीचे एवढे पैसे सात दिवस खात्यात शाबूत राहावेत, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने ते घर बघितलं नसावं. तेव्हा फी थेट संस्थेकडे जावी, हे मला मान्य आहे.

वाद उरतो तो राहण्या-खाण्याच्या पैशांचा. जर्मनीला जाणाऱ्या मुलांच्या तोंडी 'ब्लॉक्ड अकाउंट' हा शब्द असतो. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो त्या खात्यात आधीच भरून ठेवायचे. तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. त्यांतून पोळी खाल्ली की पिझ्झा, कुणी विचारत नाही. नळाची धार किती सोडायची ते सरकारने ठरवलं, पाणी कशाला वापरायचं ते मुलावर सोपवलं. कोटेशन, बिल, शिक्का यांच्या दशावतारापेक्षा मला हे शहाणपणाचं वाटतं. नियम जितका बारीक, तितकी खोटी बिलं जास्त. आणि ती कशी बनवायची हे आपण अठराव्या वर्षी मुलांना शिकवतो.

इंग्लंडमध्ये राहण्याचं कर्ज वर्षात तीन हप्त्यांनी थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातं, फीचं कर्ज विद्यापीठाकडे. तिथे गाजलेला घोळ मौजमजेचा नव्हता. विद्यापीठांच्या नावावर अभ्यासक्रम चालवणाऱ्या काही फ्रँचायझी कॉलेजांत शिकायचा इरादाच नसलेली मंडळी नाव नोंदवून कर्ज उचलत होती, असा संशय होता. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४च्या जानेवारीत त्यावर अहवाल दिला. विद्यार्थी वर्गात येतो का, हे बघायचं काम कॉलेजांचं होतं आणि नोंदणीबरोबर फीही त्यांनाच मिळत होती.

आपल्याकडे विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तरी ठरलेल्या फीखेरीज गणवेश, बस, 'उपक्रम' अशा नावांखाली जी मागणी येते, ती संस्थेच्या लेटरहेडवर असली की शाखेत कुणी भुवई उंचावत नाही. विद्यार्थ्याने शंभर रुपयांच्या वहीची पावती द्यायची. संस्थेने घेतलेल्या लाखांतून प्रयोगशाळेत काय आलं, याची पावती कर्ज देणारी बँक मागत नाही, व्याज भरणारं सरकारही मागत नाही. पहारा बसवायचाच तर तो या दारावर बसवावा.

भाचीने शेवटी लॅपटॉप घेतला. मंजूर आहे तर सोडायचा कशाला, असं घरी ठरलं. कोटेशन खऱ्या किमतीचंच करायला लावलं म्हणून दुकानदार थोडा खट्टू झाला. आता लॅपटॉपवर व्याज सुरू आहे, आणि ती दोन बस बदलून कॉलेजला जाते. पासाचे पैसे घरून येतात.