रोजगार हमी

अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीने मागणी केल्यास तिला ठराविक मुदतीत काम पुरविण्याची आणि ते पुरविता न आल्यास बेकारी भत्ता देण्याची शासनाने कायद्याने पत्करलेली जबाबदारी, म्हणजे रोजगार हमी होय. काम करण्याच्या वयातील धडधाकट माणसाला शासनाने आधार द्यावा काय, द्यावयाचा तर तो पैशाच्या रूपाने की कामाच्या रूपाने, आणि असा आधार ही शासनाची कृपा की नागरिकाचा हक्क, हे तीन प्रश्न आधुनिक विधिमंडळांतील कल्याणविषयक चर्चांच्या मुळाशी असतात. ग्रेट ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाने काही उद्योगांतील कामगारांसाठी बेकारी विमा सुरू केला. मालक, कामगार व शासन यांच्या वर्गणीवर चालणारी ही पद्धत नियमित नोकरी व नोंदलेले वेतन गृहीत धरते. हंगामी शेतमजुरीवर जगणाऱ्या समाजात ती लागू पडत नाही [→ बेकारी]. अशा समाजासाठी महाराष्ट्र राज्याने १९७० नंतरच्या दशकात रोजगार हमीच्या रूपाने निराळे उत्तर शोधले व पुढे संसदेनेही ते स्वीकारले.

पूर्वपीठिका : १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला व त्यास अनुसरून प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. धडधाकटांना सार्वजनिक कामांवर मजुरी आणि अशक्तांना धर्मादाय मदत, ही विभागणी त्यांत होती. मात्र संहिता म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना होत्या. त्यांच्या आधारे रयतेला काही मागता येईल, असे सरकारला अभिप्रेत नव्हते. १८९६–९७ च्या दुष्काळात पुणे येथील सार्वजनिक सभेने नेमका याच्या उलट अर्थ लावला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सभेचे प्रतिनिधी गावोगावी गेले आणि संहितेनुसार काय मिळावयास हवे, हे त्यांनी लोकांना मराठीतून समजावून सांगितले. ‘केसरी’तूनही हाच प्रचार झाला. परिणामी १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. मदत ही मागण्याची गोष्ट आहे की दिली तर घेण्याची, हा वाद महाराष्ट्रात तेव्हापासूनचा आहे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये, आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत, कामाचा हक्क तसेच बेकारी, वार्धक्य, आजार इत्यादी प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क उपलब्ध करून देण्याचा निर्देश राज्यसंस्थेस दिला आहे. तथापि अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करून घेता येत नाही. त्यामुळे या निर्देशाला कायद्याचे रूप देणे विधिमंडळांवरच अवलंबून राहिले.

योजनेचा उगम : महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे (१९१०–९०) हे रोजगार हमी योजनेचे जनक मानले जातात. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात १९६५ नंतरच्या काळात त्यांच्या प्रेरणेने या कल्पनेचा प्रयोग झाला. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर (१९२०–९५) व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास केला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने असे प्रतिपादन केले, की जमिनीचे फेरवाटप अथवा सर्वसाधारण आर्थिक वाढ एवढ्यावर विसंबून दारिद्र्य हटणार नाही. ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी देणे आवश्यक आहे. एकीकडे क्षेत्रीय प्रयोग व दुसरीकडे हे आर्थिक विवेचन, यांतून योजनेला वैचारिक बैठक लाभली.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना जाहीर झाली. परंतु लगेच ओढवलेल्या दुष्काळामुळे तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम पुरविणे प्रशासनाला शक्य आहे, हे या अनुभवाने सिद्ध झाले. त्याचबरोबर कामावर एकत्र आलेल्या मजुरांना संघटितपणे मागणी करण्याची सवयही लागली. विरोधी पक्षांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ एकमताने संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

अधिनियमाचे स्वरूप : ग्रामीण भागातील व ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रातील प्रौढ स्त्रीपुरुषांना या अधिनियमाने कामाचा हक्क दिला. नाव नोंदवून कामाची मागणी केल्यावर १५ दिवसांच्या आत काम मिळावे, अन्यथा किमान दररोज १ रुपया बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद होती. मृद्‌संधारण, पाझर तलाव, रस्ते, वनीकरण यांसारखी उत्पादक कामे घ्यावीत, खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा आणि ठेकेदार नेमू नयेत, हे प्रमुख दंडक होते. मजुरी कामाच्या मापानुसार व स्त्रीपुरुषांना समान दराने देय होती. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली व लहान मुलांसाठी पाळणाघर यांची सोय करावयाची होती.

योजनेचे मर्म स्वयंनिवडीत आहे. उन्हात खडी फोडण्यास वा माती वाहण्यास ज्याला गरज असेल तोच येईल, या तत्त्वामुळे गरिबीचा दाखला मागण्याची आवश्यकता उरली नाही. बेकारांना दिलेली मदत लायक माणसाला मिळते की आळशाला, हा जगभरच्या कायदेमंडळांना छळणारा प्रश्न येथे उद्‌भवलाच नाही. त्याऐवजी, मागितलेले काम शासनाने दिले किंवा नाही, हा प्रश्न पुढे आला आणि उत्तर देण्याची पाळी शासनावर आली. या कामावर देखरेखीसाठी विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समितीही स्थापन झाली.

अर्थप्रबंध : खर्चाची तरतूद प्रामुख्याने शहरी भागावर बसविलेल्या करांतून झाली. १९७५ च्या अधिनियमाने व्यवसाय कर लागू करण्यात आला; विक्रीकर, मोटारवाहन कर इत्यादींवरील अधिभारांचीही त्यास जोड मिळाली. करांतून जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य शासनाने रोजगार हमी निधीत घालावयाची होती. व्यवसाय करावर संविधानाने घातलेली वार्षिक २५० रुपयांची मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. पुण्यातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच करापोटी. मात्र पुण्यासारख्या महानगरातील बेकाराला या हमीचा हक्क नाही. शहराने खेड्यासाठी पत्करलेल्या या भारामुळे खेड्यातून शहराकडे येणारा लोंढा कमी होईल, असे त्याचे समर्थन केले जाई.

मूल्यमापन : योजनेवर स्त्रियांची उपस्थिती लक्षणीय राहिली व टंचाईच्या काळात तिने लाखो कुटुंबांना तारले. दांडेकर व माधव साठे यांनी १९८० मध्ये तिचे परीक्षण केले. रथ यांनी १९८५ मध्ये, गरिबांना कर्ज व जनावरे देण्याच्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमापेक्षा मजुरीचा रोजगार अधिक भरवशाचा ठरतो, अशी भूमिका मांडली. १९८८ मध्ये मजुरीचे दर शेतमजुरांच्या वाढीव किमान वेतनाशी जोडले गेल्याने ते जवळजवळ दुप्पट झाले. त्यानंतर मात्र कामाचे मनुष्यदिवस घटले. मागणी असूनही कामे पुरेशी काढली गेली नाहीत, असा निष्कर्ष काही अर्थशास्त्रज्ञांनी काढला. बनावट हजेरीपट, लांबलेली मजुरी व अपुरी राहिलेली कामे हे नेहमीचे दोष होत. सर्वांत मोठे वैगुण्य बेकारी भत्त्याबाबत आढळते. हमीला कायदेशीर बळ देणारे हेच कलम. परंतु मागणीची पोच न देणे वा कागदावर काम दाखविणे अशा मार्गांनी ते टाळले गेले आणि प्रत्यक्ष भत्ता मिळाल्याची उदाहरणे विरळ राहिली.

संसदेतील चर्चा : राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडले गेले. हमी फक्त दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती ठेवावी की सर्व ग्रामीण कुटुंबांना द्यावी, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. अखेर सर्व ग्रामीण कुटुंबांना वर्षाकाठी १०० दिवसांची हमी देणारा अधिनियम ऑगस्ट २००५ मध्ये संमत झाला व २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत सुरू झाला. २००९ मध्ये त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राने, तर बेकारी भत्ता राज्याने द्यावयाचा होता. महाराष्ट्राने आपला अधिनियम दुरुस्त करून १०० दिवसांपुढील कामाची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या अधिनियमाची जागा घेणारे ‘विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ विधेयक गदारोळात आवाजी मतदानाने संमत केले. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले. बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी ठरली. तसेच पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा मिळाली. दिवस वाढले, टिकाऊ मत्ता निर्माण होतील व राज्ये अधिक उत्तरदायी बनतील, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. केंद्राने राज्यवार नियतव्यय आधीच ठरविल्यास मागणीनुसार काम हे तत्त्व उरत नाही व राज्यांवर भार पडतो, असा आक्षेप विरोधकांनी घेतला; गांधींचे नाव वगळण्यासही त्यांनी विरोध केला.

दरम्यान महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली २१ ते ६५ वयोगटातील पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये, तर युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली प्रशिक्षणार्थींना शिक्षणानुसार ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन देण्याचे ठरले. या योजनांमुळे काम की रोख रक्कम, हा जुना वाद नव्याने उपस्थित झाला. रोख मदत त्वरित पोहोचते व शहरी गरिबांनाही मिळू शकते. पण पात्रतेच्या अटी आणि रक्कम शासननिर्णयाने ठरतात व तशाच बदलता येतात. रोजगार हमीत मागणीचा अधिकार नागरिकाकडे असतो. मात्र हमी न पाळल्यास शासनाला किंमत मोजावी लागेल, ही तरतूद जितकी प्रत्यक्षात येईल तितकाच तो अधिकार खरा ठरतो.