गृहशिक्षित विद्यार्थ्यांचा महाविद्यालय प्रवेश (सातारा व सांगली)

शाळेत न जाता घरी शिकलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात प्रवेश मिळतो तो मान्यताप्राप्त मंडळाच्या प्रमाणपत्रावर. सातारा व सांगली जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कार्यक्षेत्रात येतात. पदवीच्या प्रथम वर्षासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. घरी किती पुढचे वाचले, याची नोंद कोणी घेत नाही.

राज्य मंडळाच्या परीक्षेला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते, पण त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळेची पायरीच न चढलेल्या मुलाला म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (स्थापना १९८९) अधिक सोयीची पडते. तेथे वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी व दहावीनंतर बारावीसाठी नोंदणी होते. प्रमाणपत्रास किमान पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी. विषय एकेक करून, पाच वर्षांच्या मुदतीत सोडवता येतात.

अमेरिकेत गृहशिक्षित मुले शालेय वयातच सामुदायिक महाविद्यालयात काही विषय पूर्ण करतात व ते श्रेयांक पुढे पदवीत धरले जाऊ शकतात. मुक्त विद्यालयात साठणारे श्रेयांक मात्र दहावी-बारावीचेच असतात. पदवीचा काळ त्यांनी कमी होत नाही.

खरी कसोटी विषयनिवडीची. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या (१९४७) ठिकाणी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून जायचे, तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच. सोपे म्हणून पंधराव्या वर्षी गणित सोडलेल्या मुलाला सांगलीच्याच विलिंग्डन महाविद्यालयात (१९१९) कला शाखेची वाट मोकळी राहते, अभियांत्रिकीची नाही.