दूरनियंत्रित युद्धाची अदृश्य मानवी किंमत : वझिरीस्तान ते काबूल

प्रस्तावना

शस्त्र आणि शस्त्रधारी यांच्यातील अंतर वाढवत नेणे हे युद्धतंत्राच्या विकासाचे एक प्रमुख सूत्र राहिले आहे. बाण, बंदूक, तोफ आणि बाँबफेकी विमान या क्रमाने हे अंतर वाढत गेले. तथापि वैमानिकाच्या जिवाचा धोका कायम होता. सशस्त्र ड्रोनमुळे तोही उरला नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यातील क्रीच हवाई तळावर बसलेला चालक हजारो किलोमीटर दूर असलेल्या लक्ष्यावर क्षेपणास्त्र सोडू लागला. अशा युद्धाचे वर्णन 'अचूक' व 'कमी हानीचे' असे केले जाते. प्रस्तुत लेखात २००२ ते २०२१ या काळातील अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यांच्या आधारे या वर्णनाचा परामर्श घेतला आहे. या युद्धाची मानवी किंमत कमी झाली असे दिसते, त्याचे एक महत्त्वाचे कारण ती मोजण्याच्या पद्धतीत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मृतांची गणना

नोव्हेंबर २००२ मध्ये येमेनमध्ये आणि जून २००४ मध्ये पाकिस्तानातील दक्षिण वझिरीस्तानात असे हल्ले सुरू झाले. पाकिस्तानातील मोहीम गुप्तचर यंत्रणेकडे असल्याने तिचा हिशेब जाहीरपणे मांडला जात नव्हता. हल्ल्याच्या क्षेत्रातील लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष, मृत्यूनंतर निर्दोषत्वाचा पुरावा न मिळाल्यास, लढवय्या म्हणून गणला जातो, असे वृत्त 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मे २०१२ मध्ये दिले. या पद्धतीत निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी मृतावरच येऊन पडते.

जुलै २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने प्रथमच एकत्रित आकडे प्रसिद्ध केले. २००९ ते २०१५ या काळात सक्रिय युद्धक्षेत्राबाहेर झालेल्या ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ बिगर-लढवय्ये मरण पावले, असे त्यात म्हटले होते. लंडनच्या 'ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम'चा याच काळाचा अंदाज ३८० ते ८०१ असा होता. ही तफावत केवळ माहितीच्या अभावाची नव्हे. 'नागरिक' कोणाला म्हणावे, या व्याख्येचाही प्रश्न तीत गुंतलेला आहे. पुढे मार्च २०१९ मध्ये गुप्तचर यंत्रणेच्या हल्ल्यांतील बळींचे आकडे प्रसिद्ध करण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये झालेला हल्ला या संदर्भात उद्बोधक ठरतो. स्फोटके वाहून नेणारी मोटार नष्ट केल्याचा दावा प्रारंभी करण्यात आला. प्रत्यक्षात १० नागरिक मरण पावले होते व त्यांत ७ मुले होती. मोटारीचा चालक एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता. पत्रकारांनी घटनास्थळी जाऊन शोध घेतल्यानंतर १७ सप्टेंबर रोजी चूक मान्य करण्यात आली. मात्र कोणावरही शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. काबूलमध्ये पत्रकार पोहोचू शकले. वझिरीस्तानच्या दुर्गम खेड्यांत बाहेरच्या पत्रकारांना सहसा प्रवेशच नव्हता. सरकारी नोंदीतील 'यशस्वी हल्ला' आणि 'चूक' यांतील भेद अनेकदा एवढ्यावरच अवलंबून राहतो.

जिवंतांचे जीवन

१७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरीस्तानातील दत्ता खेल येथे क्रोमाइटच्या खाणीचा वाद मिटविण्यासाठी जिरगा भरली होती. तीवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ४० जण मरण पावले. त्यांत टोळ्यांतील वडीलधारे होते. जिरगा ही पश्तून समाजाची न्यायपंचायत होय. तिच्यावरील आघात म्हणजे तंटे मिटविणाऱ्या व्यवस्थेवरील आघात ठरतो, आणि त्याची नोंद बळींच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही.

स्टॅनफर्ड व न्यूयॉर्क विद्यापीठांच्या विधी शाखांनी सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या दैनंदिन हानीचे चित्रण आढळते. आकाशातील अखंड घरघर, निद्रानाश, अंत्ययात्रेस जाण्याची भीती आणि मुलांची बंद झालेली शाळा यांचा त्यात उल्लेख आहे. एकाच जागी दुसरा हल्ला होण्याच्या धास्तीने जखमींच्या मदतीस धावणेही लोक टाळू लागले होते.

चालकाची मनःस्थिती

चालक सुरक्षित असल्याने त्याला काहीच सोसावे लागत नाही, हा समजही तपासून पाहावयास हवा. बाँबफेकी विमानाचा वैमानिक लक्ष्यावरून निघून जातो. ड्रोनचालक मात्र त्याच घरावर दिवसचे दिवस नजर ठेवतो, हल्ल्यानंतरचे दृश्य पडद्यावर पाहतो आणि पाळी संपताच कुटुंबात परततो. अमेरिकी लष्करी आरोग्य यंत्रणेच्या २०१३ मधील अभ्यासात ड्रोनचालकांमधील मानसिक विकारांचे प्रमाण प्रत्यक्ष विमान चालविणाऱ्यांइतकेच आढळले. शारीरिक धोका नसतानाही ते तितकेच असावे, ही बाब लक्षणीय आहे. स्वतःच्या हातून घडलेल्या कृतीमुळे विवेकबुद्धीला होणाऱ्या या इजेस मानसशास्त्रात 'नैतिक आघात' म्हटले जाते. त्याच वर्षी ड्रोनचालकांसाठी जाहीर झालेले विशेष पदक, प्रत्यक्ष रणांगणावरील सैनिकांच्या संघटनांचा विरोध झाल्याने, दोन महिन्यांतच रद्द झाले. त्यांचे कार्य युद्ध मानावे की नाही, याबाबत खुद्द लष्करी वर्तुळातच एकमत नव्हते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, अंतरामुळे हानीचे साक्षीदार कमी होतात. हानी त्याच प्रमाणात कमी होत नाही. लोकशाही राष्ट्रात स्वतःच्या सैनिकांच्या शवपेट्या परत येऊ लागल्या की जनता युद्धाचा जाब विचारते. ज्या युद्धातून शवपेट्या येतच नाहीत, ते जाब न देता दीर्घकाळ चालू शकते. म्हणूनच प्रत्येक हल्ल्यानंतर मृतांची ओळख पटविणे, स्वतंत्र चौकशी करणे आणि वारसांना भरपाई देणे ही युद्ध करणाऱ्या राष्ट्राची बंधनकारक जबाबदारी ठरावयास हवी. अनेक राष्ट्रांच्या हाती आज हे शस्त्र आले असल्याने हा प्रश्न आता एका देशापुरता मर्यादित राहिलेला नाही.