मृगाच्या आधीची लगबग : गॅलरीतली रोपं

एप्रिल सरत आला की आपल्यामागे किती कामं असतात! कुरडया-पापड, कैरीचं लोणचं, वर्षाचं तिखट, मुलांची सुट्टी, आणि त्यातच चार दिवस माहेरी जाणं. त्यात मी आणखी एक काम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, "पुरे हो बाई!" पण मैत्रिणींनो, पावसाळ्यात घरच्या कुंडीतली वांगी-मिरच्या हव्या असतील, तर रोपं मृग लागण्याआधी, मे महिन्यातच तयार करायला हवीत.

आधी माझी फजिती ऐका. दोन वर्षांपूर्वी गावचं शेत विकलं गेलं. त्या वेळी आईनं तिथल्या काटेरी वांग्याचं बी पुरचुंडीत बांधून माझ्या हाती दिलं. मी हौसेनं निम्मं बी एकाच कुंडीत दाट पेरलं. रोपं छान उगवली आणि मी माहेरी गेले. जाताना 'ह्यां'ना बजावलं, "पाणी घालायला विसरू नका हं!" ते विसरले नाहीत, मायेनं दोन्ही वेळा तांब्या-तांब्या ओतत राहिले. परत येऊन बघते तो सारी रोपं मातीलगत कुजून आडवी! सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला बोलतेस? दाट पेरलंस तू. रोपांचे फार लाड केले की असंच व्हायचं." आता आईनं वांग्यांचं विचारलं तर काय सांगू, याचीच मला चिंता!

याला रोपं कोलमडणं म्हणतात. दाट, ओल्या, कोंदट जागी मातीतली बुरशी कोवळ्या देठाला धरते. मग रोप वाचत नाही. म्हणून काळजी आधीच घ्यायची.

बी पारखून घ्या

जुन्या दहा बिया ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ-दहा दिवसांत सात-आठ मोडल्या, म्हणजे त्यांना मोड आले, की बी खात्रीचं समजा. सगळं बी मात्र एकदम कधीही पेरू नका! विकतचं बी गुलाबी-निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका आणि पेरल्यावर हात साबणानं धुवा.

माती आणि भांडी

चाळलेली माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत समभाग घ्या. खत मिसळण्याआधी माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली दोन-तीन आठवडे कडक उन्हात तापू द्या. बुरशीचा जोर कमी होतो. दुधाच्या पिशव्या, करवंट्या, मिठाईचे डबे, काहीही चालतं. फक्त तळाला भोकं हवीत.

पेरणी, पाणी, ऊन

मेच्या मध्याला दोन बोटांच्या अंतरानं रेघा ओढून बी सुटं सुटं, अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. टोमॅटो साधारण आठवड्यात उगवतो, वांग्याला आठ-दहा दिवस आणि मिरचीला त्याहून थोडे जास्त लागतात. तोवर भांडं सावलीत ठेवा. कोंब दिसले की सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं टाळा. घरात खिडकीआड ठेवलेलं रोप उजेडासाठी मान लांबवतं आणि काटकुळं होतं.

बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून सकाळीच पाणी शिंपडा, तेही माती बोटाला कोरडी लागली तरच. खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूच्या डासांना तेवढंच पुरतं. गर्दी झाली तर जादा रोपं कात्रीनं कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. माहेरी जायचं असेल तर पेरणी आल्यावरच करा, नाहीतर शेजारणीला बोटाची युक्ती शिकवून जा!

रोपांची पाठवणी

टोमॅटो चार आठवड्यांत, वांगं पाच आठवड्यांत आणि मिरची सहा आठवड्यांत लावण्याजोगी होते. आधीचा आठवडा पाणी कमी करा, ऊन थोडं थोडं वाढवा. मग संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी बारा इंची कुंडीत एकेक रोप लावा. टोमॅटो थोडा खोल लावला तर देठालाही मुळं फुटतात. वांगी-मिरची आधीच्याच खोलीवर ठेवा. मुंबई-कोकणातल्या मुसळधार पावसात टोमॅटो तग धरत नाही, तिथं तो ऑगस्टअखेरीस पेरा. भेंडी-गवारीला जागा बदललेली आवडत नाही. त्यांचं बी थेट कुंडीतच टोचा.

उरलेलं बी मी गेल्या वर्षी असंच पेरलं, तेही पुन्हा थोडं राखूनच. नऊ रोपं जगली. गौरी-गणपतीच्या सुमारास पहिली वांगी उतरली आणि घरात भरल्या वांग्याचा घमघमाट सुटला. एक वांगं मात्र मी तोडलं नाही. झाडावरच पिवळं होऊ दिलं, बी धुऊन सावलीत वाळवलं आणि नवी पुरचुंडी बांधून आईला नेऊन दिली. ती काही बोलली नाही. पुरचुंडी तेवढी देवघरात ठेवली.

तुमच्याही डब्यात कुणी दिलेलं बी पडून आहे ना? मग यंदा मृगाची वाट बघत बसू नका!